केरातले सोने

आईच्या घरी माळ्यावर एक जुनी काथवट आहे. पीठ मळायची असते तशीच, पण जरा उथळ आणि एका बाजूला निमुळती. सागाची आहे. आतून इतकी गुळगुळीत झालेली की बोट फिरवले तर लाकूड नव्हे, काच वाटावी. लहानपणी आम्ही बहिणी तिच्यात बाहुल्या झोपवायचो आणि आईचा ओरडा खायचो. "ते खेळाचं नाही. त्यानं आपलं घर चालवलं," एवढेच ती म्हणायची.

गेल्या दिवाळीनंतर अक्काचा मुलगा, माझा भाचा, एक लांबलचक खोके घेऊन आमच्याकडे आला. पदवी होऊन दोन वर्षे झाली, नोकरीच्या परीक्षा चालू आहेत, निकाल मात्र लागत नाही. खोक्यातून त्याने एक दांडा, एक गोल तबकडी आणि कानाला लावायचे यंत्र काढले. मेटल डिटेक्टर. ऑनलाइन मागवलेला, अकरा हजारांचा.

"मावशी, पणजोबांचा धंदा परत सुरू करतो मी," तो म्हणाला. "फक्त मशीन नवीन."

मी हसले, पण आई हसली नाही. ती उठून आत गेली.

पणजोबांचा म्हणजे माझ्या आजोबांचा, आईच्या वडिलांचा धंदा कोणता, हे वाचकांना सांगायला हवे. आम्ही मूळचे झाडीपट्टीतले. वैनगंगेच्या काठाहून चांद्याला आणि चांद्याहून आदिलाबादला आलेलो. झाडीपट्टीत आम्हाला सोनझारी म्हणतात, इकडे मराठवाड्याच्या बाजूला झारेकरी. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा मोठा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. नद्यांची वाळू धुऊन सोने काढणारी छोटीशी जात म्हणून त्यात आमची नोंद आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड या नोंदीखाली 'सोनझारी झारेका' हे नाव आजही वाचायला मिळते. इतिहास शिकवताना मी मुलांना राजे आणि तह शिकवते. माझ्या आजीच्या कामाला मात्र ग्रंथात जेमतेम काही पाने आणि यादीत दोन शब्द.

काम साधे होते आणि जीवघेणेही. पूर ओसरला की नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला, खडकाच्या आडोशाला, जड वाळू साचते. ती काथवटीत घ्यायची, पाण्यात धरायची आणि हलके हलके गोल फिरवायची. साधी वाळू पाण्याच्या अडीचपट जड, त्यातली काळी लोहवाळू पाचपट आणि सोने एकोणीसपट. म्हणून पाणी आधी माती नेते, मग पांढरी वाळू, मग काळी. शेवटी तळाला उरलेच तर सोने उरते. दिवसभर कंबरभर पाण्यात उभे राहून हाती यायचे ते गुंजेच्या हिशेबात. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. म्हणजे एका तोळ्याला शहाण्णव गुंजा! आपल्या जंगलात वेलीवर पिकते तीच ही लाल-काळी गुंज.

नदीवर पोट भरेना तेव्हा आमच्या माणसांनी गावे धरली. आजोबा सराफ्यातल्या दुकानांचा केर वर्षाच्या मक्त्याने घ्यायचे. सोनार कानस चालवतो, तासतो, झाळतो. किती जपले तरी कण उडतातच. ते चटईत अडकतात, शेगडीच्या राखेत पडतात, फुटक्या मुशीला चिकटतात, हात धुतलेल्या पाण्याबरोबर मोरीत जातात. तो सगळा केर, राख, मोरीतला गाळ आजोबा पोत्यांत भरून आणायचे आणि आजी तो काथवटीत धुवायची. लक्ष्मीपूजनाला सगळे केरसुणीची पूजा करतात. आमच्या घरात तो नुसता रिवाज नव्हता. आमची लक्ष्मी खरोखरच केरसुणीतून यायची.

ती एकदा रुसलीही. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. देशभर सोनारांच्या शेगड्या थंड पडल्या. सोनारांच्या हालांबद्दल तेव्हा पुष्कळ बोलले गेले, पण त्यांच्या केरावर जगणाऱ्यांची चर्चा कुठे झाल्याचे मी वाचले नाही. भट्टीच पेटली नाही तर राख कुठली? आई तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. आजोबा जिनिंगमध्ये कापसाच्या हमालीला गेले ते तिला चांगले आठवते. पुढे १९६८ चा कायदा आला आणि १९९० मध्ये तो रद्दही झाला; पण तोवर आमच्या घरातली काथवट माळ्यावर चढली होती.

भाच्याला यातले काही ठाऊक नव्हते. त्याला एवढेच माहीत होते, की आपले पूर्वज सोने काढायचे आणि २०२५ साली सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा आकडा ओलांडला. या दोन गोष्टींची बेरीज करून त्याने अकरा हजार घातले होते.

तेवढ्यावर थांबले असते तर मी हा लेख लिहिला नसता. एका रात्री तो गच्चीवर फोनवर बोलताना माझ्या कानावर आले: अमावस्या, गढी, पायाळू माणूस. मला घाम फुटला. खाली बोलावून विचारले तेव्हा कळले, की मशीनची बातमी पसरली होती. पैनगंगेच्या काठच्या एका पडक्या गढीत धन आहे, पायाळू माणूस पाहून ठेवला आहे, तू फक्त मशीन घेऊन ये, निम्मा वाटा तुझा, असा निरोप कोणीतरी धाडला होता. पायावर जन्मलेल्याला जमिनीतले धन दिसते, ही समजूत आपल्याकडे अजून मेलेली नाही.

मी त्याला समोर बसवले. जमिनीत दडवलेले दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे काहीही सापडले तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. हा कायदा १८७८ चा आहे आणि लपवणाऱ्याला तुरुंग आहे. नदी ओलांडली की महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. गुप्तधनाच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्ये त्यात गुन्हा म्हणून लिहिलेली आहेत. ती उगाच लिहिलेली नाहीत. अशा खड्ड्यांपाशी कोंबड्या-बकऱ्यांवरच थांबत नाहीत, हे आपण वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत.

तो मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "मावशी, मला खोदायचं नव्हतं. पण मी करू तरी काय?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दारातून आईने ऐकले असावे. ती म्हणाली, "मले नदीवर घेऊन चाल. सोनं कसं काढतेत ते दाखवतो तुले. मंग ठरव."

वयाच्या शहात्तराव्या वर्षी आई स्वतःहून कुठे जायचे म्हणते हेच नवल. नदी कोणती, यावर मात्र तिने वाद घातला. घराजवळची पैनगंगा तिला नको होती. "हे नदी चुन्याच्या दगडातून येते, हिच्यात काही नाही," हे तिच्या वडिलांचे मत. भूगोलाच्या सहकाऱ्यांना विचारले तर तेही हेच म्हणाले. पैनगंगा येते काळ्या बसाल्टमधून आणि आपल्या भागात वाहते चुनखडकावरून. सोने असते ते त्याहून कितीतरी जुन्या खडकांत. नागपूर जिल्ह्यात परसोडीच्या आसपास भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला सोन्याचे अंश मिळाले आहेत आणि बालाघाटकडच्या नद्यांची वाळू सोनझारी पिढ्यान् पिढ्या धुवत आले. त्या मुलखाचे पाणी वैनगंगेत येते. म्हणून तुम्मिडीहट्टीला जायचे ठरले. वर्धा आणि वैनगंगा तिथे एकमेकींना भेटतात आणि पुढे प्राणहिता म्हणून वाहतात. २०१६ पर्यंत हा सगळा एकच आदिलाबाद जिल्हा होता. आता तुम्मिडीहट्टी कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे.

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे निघालो. भाड्याची गाडी, भाचा चालवायला, मागे आई आणि तिच्या मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली काथवट. डिकीत मशीन. गुडीहतनूर सोडले आणि दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस दिसू लागला. इंद्रवेल्लीला रस्त्याकडेचे हुतात्मा स्मारक लागते. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीचा हक्क मागायला जमलेल्या गोंड बांधवांवर इथे गोळीबार झाला. आईने गाडीतूनच हात जोडले. पुढे उटनूर, मग जैनूर. या बाजूला उशेगावात ओझा कारागीर राहतात. मेणाचा साचा करून त्यावर मातीचा लेप देतात, मेण वितळवून त्या जागी पितळ ओततात. त्यांच्या आदिलाबाद डोकरा कामाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्राच्या त्या यादीत आमच्या नावाबरोबर ओझांचेही नाव आहे, हे मी भाच्याला सांगितले. "त्यांचं काम दिसतं तरी," तो म्हणाला. "आपलं काय दिसतं?"

केरामेरीचा घाट उतरताना सागाच्या जंगलावर धुके होते. मग आसिफाबाद, कागजनगरचा गिरणीचा भोंगा, आणि सिरपूर. चांद्याच्या गोंड राजांची पहिली राजधानी इथली, असे परंपरा सांगते. कौटाला मागे पडले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते.

तुम्मिडीहट्टीचा संगम पाहून मन निवते. पश्चिमेकडून वर्धा येते, उत्तरेकडून वैनगंगा. दोन्हींचे पाणी थोडा वेळ वेगवेगळ्या रंगाचे दिसते, मग मिसळते. पलीकडे गडचिरोली जिल्ह्यातले चपराळ्याचे रान. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेच्या पुष्करात या घाटावर माणसांचा महापूर होता. त्या दिवशी मात्र दोन कोळी, एक होडी आणि आम्ही तिघे.

आधी मशीनची पाळी. भाच्याने कानाला यंत्र लावले आणि वाळूवर तबकडी फिरवू लागला. हे चालते कसे, तर तबकडीतल्या तारेतून चुंबकीय क्षेत्र तयार होते. खाली धातू असला तर त्यात वीज खेळते आणि यंत्राला चाहूल लागते. पाचच मिनिटांत ते वाजले. तो गुडघ्यावर बसून खोदू लागला. निघाला खिळा. मग बाटलीचे बूच, तंबाखूच्या पुडीची चांदी, पुन्हा खिळा. काळ्या वाळूच्या पट्ट्यावर तर मशीन बावचळूनच गेले. लोह सगळीकडेच, मग ते कशाकशावर वाजणार? मग निघाली दोन रुपयांची नाणी. एक, दोन, सात. पुष्करात वाहिलेली.

"नदीले वाहिलं ते परत घेत नसतेत," आई म्हणाली. त्याने सातही नाणी पाण्यात सोडली.

मग आईने लुगडे खोचले. मी नको नको म्हणत असताना ती पोटरीभर पाण्यात उतरली. कुठली वाळू घ्यायची हे तिने दोन ठिकाणी पायाने चाचपून ठरवले. काथवटीत दोन ओंजळी भरल्या आणि ती फिरवायला लागली. साठ वर्षांनंतर! मनगट विसरले नव्हते. पाणी आत यायचे, एक वळसा घ्यायचे आणि निमुळत्या बाजूने माती घेऊन जायचे. पांढरी वाळू गेली. काळ्या वाळूची चंद्रकोर उरली. तिच्या टोकाला पिवळे काहीतरी चमकले.

"आजी!" भाचा ओरडला.

आईने केसातली पिन काढून त्याच्या हातात दिली. "दाब."

त्याने दाबले. पिवळ्या कणाचे पापुद्रे झाले. अभ्रक. सोने दाबले तर चपटे होते, तुटत नाही. शिवाय अभ्रक उन्हात चमकते आणि सावलीत विझते; सोन्याचा रंग सावलीतही तोच राहतो. दुपारी तीनपर्यंत आईने आणि मग तिच्या हाताखाली भाच्याने बारा काथवटी वाळू धुतली. सोन्याचा एक कण मिळाला नाही. आणि मिळाला असता तरी मोहरीच्या शतांशाएवढ्या कणाचा त्या मशीनला पत्ताही लागला नसता, हे त्याला एव्हाना कळले होते. धुतलेली वाळू आम्ही जागच्या जागी ओतली. जमिनीतले खनिज सरकारचे असते. घरी न्यायचा प्रश्नच नव्हता.

जेवायला काठावर बसलो. भाचा म्हणाला, "आजी, पाऱ्यानं एवढं बारीक सोनंपण ओढता येतं. मी व्हिडिओत बघितलंय. पाव किलो पारा आणून ठेवलाय मी, खोलीत."

आईच्या हातातली भाकर तशीच राहिली. मग ती जे बोलली ते मी जन्मात तिच्या तोंडून ऐकले नव्हते.

केर धुऊन झाला की आजोबा त्यात पारा घालून हाताने मळायचे. पारा सोन्याला धरून ठेवतो. मग कापडातून पिळायचे, उरलेली गोळी लोखंडी पळीत घालून चुलीवर धरायची. पारा उडून जायचा, सोने राहायचे. शेवटी मुशीत टाकणखार घालून ते आटवायचे. पळीचे काम पावसाळ्यात घरातच चालायचे. आई शेजारी बसून फुंकणीने विस्तव फुंकायची.

"बाबाचा हात थरथरे," आई म्हणाली. "चहा बशीत सांडे. सही येत होती, ते येईना. आधी लय शांत माणूस. मंग कशावरही चिडे. आम्ही म्हणू, म्हातारपण. पन म्हातारपण कशाचं? पंचेचाळिसाचाही नव्हता."

मी आजोबांना पाहिले आहे. थरथरत्या हाताने माझ्या डोक्यावरून हात फिरवणारे आजोबा एवढेच मला आठवतात. तो हात पाऱ्यामुळेच थरथरत होता, असे आज कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही, ती श्वासातून आत जाते आणि थेट मेंदू-मज्जांवर घाव घालते. हाताचा कंप आणि बदललेला स्वभाव ही त्याची जुनी ओळखीची लक्षणे आहेत. जपानमधल्या मिनामाता गावी पाऱ्याने काय केले ते १९५६ साली उघड झाले. त्याच गावाच्या नावाने पाऱ्याविरुद्धचा जागतिक करार २०१३ मध्ये झाला आणि २०१८ मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली. तरीही जगात माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा आजही हातावर पोट असलेल्या सोने काढणाऱ्यांचाच आहे. आजोबा एकटे नव्हते.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे कोणी सांगितलं काऊन नाही?"

"सोनं सांगतेत लोक," आई म्हणाली. "राख कोण सांगते?"

दुसऱ्या दिवशी ती बाटली झाकण घट्ट करून मी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाच्या स्वाधीन केली. मोरीत ओतायची नाही, उकिरड्यावर टाकायची नाही, हे मी त्याला दोनदा बजावले. गढीवाल्यांचा नंबर त्याने माझ्यासमोर बंद केला.

परतीच्या वाटेवर, घाट चढताना, मी त्याला मस्कीची गोष्ट सांगितली. आपला आदिलाबाद आणि रायचूरकडची हट्टीची सोन्याची खाण एकेकाळी एकाच निजामी राज्यात होती. त्या हट्टीच्या मुलखात १९१५ साली बीडन नावाचा खाण इंजिनिअर सोन्याच्या शोधात फिरत होता. मस्कीच्या टेकडीवर त्याला एका शिळेवर कोरलेली अक्षरे दिसली. ती वाचली गेली आणि त्यात 'अशोक' हे नाव निघाले. तोवर सापडलेल्या लेखांत 'देवानांपिय पियदसि' एवढेच असे. तो राजा म्हणजे अशोकच, याचा लेखी पुरावा त्या शिळेने दिला. शोधायला गेला सोने, सापडले नाव. त्याने ती शिळा फोडली असती तर?

"म्हणजे मशीन वाईट नाही," भाचा म्हणाला.

"मशीन कधीच वाईट नसते," मी म्हटले.

याचा प्रत्यय महिनाभरातच आला. गावाबाहेरच्या शेतात कापूस वेचताना एका मजूर बाईच्या मंगळसूत्रातली एक वाटी तुटून पडली. दोन दिवस ती ओंजळी-ओंजळीने माती चाळत होती. कोणीतरी भाच्याचे नाव सांगितले. काळ्या रानात मशीन सारखे खोटे वाजते. अर्धा दिवस गेला, चार खिळे आणि विळ्याचे एक तुटके पाते निघाले. मग पराटीच्या बुडाशी, दोन बोटे मातीखाली, वाटी सापडली. बाई रडायला लागली. पाचशे रुपये देऊ लागली, ते त्याने घेतले नाहीत. तिच्याबरोबर बांधावर बसून भाकर आणि ठेचा खाऊन आला.

त्याने हे घरी सांगितले तेव्हा आई पहिल्यांदा त्या मशीनजवळ गेली आणि तबकडीवरून हात फिरवला. "हे झारेकऱ्याचं काम झालं," ती म्हणाली.

नोकरीचा निकाल अजून लागलेला नाही. काथवट मात्र माळ्यावरून खाली आली आहे आणि देवघराशेजारी असते. रविवारी भाचा आजीजवळ वही घेऊन बसतो आणि केर, राख, मूस, टाकणखार, गुंज असे एकेक विचारून लिहून घेतो. पाऱ्याचे पान त्याने लाल शाईने लिहिले आहे. येत्या लक्ष्मीपूजनाला केरसुणीजवळ काथवट मांडायची, असे आईने आताच सांगून ठेवले आहे.

"आणि मशीन?" भाच्याने विचारले.

"तेही मांड," आई म्हणाली. "पन आधी पुसून घे. किती माती लागली त्याले!"